शाळेचं नाव आणि मुलीचं नाव

गेल्या वैशाखात एका दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या मुलीला घेऊन खर्ड्यातल्या माझ्या घरी आली. मुलगी चौथी पास झालेली, दोन घट्ट वेण्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं प्रगतिपुस्तक. आईच्या हातात शहरातल्या एका मुलींच्या माध्यमिक शाळेचं गुळगुळीत पत्रक होतं. वर सरस्वती, खाली पासपोर्ट आकाराच्या फोटोंच्या चार रांगा, प्रत्येक फोटोखाली टक्के. तळाशी लाल अक्षरांत शंभर टक्के निकालाची परंपरा, मर्यादित जागा आणि प्रवेशापूर्वी मुलीशी 'संवाद'.

"बाई, लई नाव हाय म्हणत्यात ह्या शाळेचं," ती म्हणाली. "पण कशाचं नाव, ते कुणी सांगंना."

तीस वर्षं मी हायस्कुलात शिकवलं. एवढा नेमका प्रश्न मला पालकसभेत क्वचितच कुणी विचारला असेल. शाळेला नाव आहे म्हणजे काय आहे? मुलाच्या बाबतीत उत्तर सरळ असतं: निकाल, स्कॉलरशिप, पुढे कोण काय झालं. मुलीच्या बाबतीत त्या एका शब्दात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. मुलगी शिकेल ही एक, आणि मुलीच्या नावाला काही लागणार नाही ही दुसरी. एसटी स्टँडवर चार पालक बोलताना ऐकले की दुसरीच जास्त ऐकू येते. गेटवर माणूस असतो का? मधल्या सुट्टीत बाहेर सोडतात का? मोबाईल चालतो का? भिंत केवढी आहे? गणिताला कोण आहे, हे सगळ्यात शेवटी येतं, आलं तर.

या पालकांना नावं ठेवायला मी लिहीत नाही. खर्डा जामखेड तालुक्याच्या टोकाला. बीड आणि धाराशिवची हद्द इथून जवळ, जामखेड पंचवीस किलोमीटरच्या आसपास आणि नगर शंभराच्या घरात. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो, पण पास हातात असला तरी गाडी वेळेवर येतेच असं नाही. हिवाळ्यात साडेसहाला अंधार पडतो आणि फाट्यावर उभ्या पोरीची वाट बघणाऱ्या आईचा जीव टांगणीला लागतो. दसरा उलटला की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची कितीतरी घरं कोयता घेऊन कारखान्याकडे जातात. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्या घरात दरवर्षीचा प्रश्न, आणि पुष्कळदा त्याचं उत्तर लग्न हेच निघतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के होत्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. अशा मुलखात 'फक्त मुलींची शाळा' ही पाटी मुलीला आणखी पाच वर्षं मिळवून देते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मिश्र शाळेला ठाम नाही म्हणणारा बाप कन्या विद्यालय म्हटलं की विचार करतो.

पण राखणीची ही भाषा कुठवर जाते, हे खर्ड्याच्या माणसानं तरी विसरू नये. बाहेरच्यांना आमचं गाव १७९५ च्या लढाईसाठी ठाऊक होतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये ते दुसऱ्याच कारणानं महाराष्ट्रभर पोचलं. सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा इथं खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी त्याचे संबंध असल्याचा संशय, हे कारण म्हणून पुढं आलं. खटल्यात साक्षीदार फिरले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलाच्या आईबापांचं दुःख मोजायला माझ्याकडे माप नाही. इथं एवढंच म्हणते की मुलीचं नाव राखायचं, या शब्दांच्या पोटात जात असते. कुंपण मुलीभोवती घातलं जातं आणि जीव दुसऱ्याचाही जातो. म्हणून एखादी शाळा 'आमच्याकडे चांगल्या घरच्याच मुली येतात' असं अभिमानानं सांगते, तेव्हा मला बरं वाटत नाही. चांगलं घर म्हणजे कोणतं, हे तिथं कुणी उघड बोलत नाही आणि सगळ्यांना कळलेलं असतं.

एक काळ असा होता की मुलींच्या शाळेत पाऊल टाकलं की घराण्याचं नाव जाई. आमच्याच तालुक्यातल्या चोंडीला १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या. त्यांना लिहायला-वाचायला वडिलांनी, माणकोजी शिंद्यांनी, घरीच शिकवलं, कारण मुलीला घालायला शाळाच नव्हती. पुढं नगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या पाहून जोतीरावांनी पुण्यात १८४८ साली शाळा काढली आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचं शिक्षण याच फरारबाईंकडे घेतलं. म्हणजे मराठी मुलींच्या शाळेचा एक धागा आमच्या जिल्ह्यातून निघतो. तेव्हा त्या शाळेला नाव नव्हतं, बदनामीच होती. आत येणाऱ्या मुली कुणी निवडलेल्या नव्हत्या. ज्या आल्या त्यांना शिकवलं गेलं.

१८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं. रानडे, भांडारकरांसारखी मोठी माणसं पाठीशी होती, तरी 'केसरी' आणि 'मराठा'तून त्याच्या अभ्यासक्रमावर आणि इंग्रजीवर कडाडून टीका झाली. शिकलेली मुलगी घराला जड होईल, ही भीती त्या टीकेच्या मुळाशी होती. पेशव्यांच्या खास पागेच्या जागेवर उभी राहिली म्हणून ती शाळा हुजुरपागा झाली. इरावती कर्वे तिथल्या वसतिगृहात राहून शिकल्या. मंचरसारख्या गावात वाढलेल्या शांता शेळक्यांचं शालेय शिक्षण तिथंच पुरं झालं. आज मराठी घरात हुजुरपागा म्हटलं की मान आपोआप हलते. ज्या गोष्टींसाठी तिला शिव्या पडल्या त्याच गोष्टींनी, म्हणजे मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवण्यानं, तिचं नाव झालं.

आता पत्रकातल्या शंभर टक्क्यांकडे येते. मार्च २०२५ च्या दहावीत राज्यातल्या ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या. मुलगे ९२.३१ टक्के. सगळ्या राज्याच्या मुली, त्यात घरकाम करून, भावंडं सांभाळून, शेतात जाऊन परीक्षेला बसलेल्याही, शंभरात शहाण्णव पास होत असतील, तर पाचवीलाच पारखून घेतलेल्या मुलींच्या शाळेचा निकाल शंभर लागला यात शाळेची करामत किती? फरक चार टक्क्यांचा. पन्नासच्या वर्गात दोन मुली. माझं सगळं म्हणणं या दोन मुलींपुरतं आहे.

पारखण्यालाही कायदा आडवा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमानुसार आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्यांदा लावली तर २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. म्हणून परीक्षेचा 'संवाद' होतो. आईचं शिक्षण किती, वडील काय करतात, घरी अभ्यास कोण घेतं. माझी विद्यार्थिनी या प्रश्नांना काय उत्तर देणार होती? नवोदयची गोष्ट निराळी. आमच्या जिल्ह्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला नवोदय आहे. तिथंही निवडच होते, पण ती उघड परीक्षेनं, आणि तीनचतुर्थांश जागा खेड्यातल्या मुलांना, एकतृतीयांश मुलींना राखलेल्या. नियम सगळ्यांना दिसतो.

चाळणीतून सुद्धा एखादी मुलगी मागे पडते. आठवीत आई आजारी पडते, नववीत गणित सुटतं. मग शंभर टक्के कसे राखले जातात, हे शिक्षकखोलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नववीच्या निकालाला पालकांना बोलावून घ्यायचं. "झेपत नाही हो तिला. दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा." जनरल रजिस्टरात शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना असतो. तिथं लिहिलं जातं: पालकांच्या अर्जावरून.

'झेपत नाही हो तिला' हे वाक्य मी स्वतः बोलले आहे. एका शाळेत दहावीची वर्गशिक्षिका होणार होते, मुख्याध्यापकांनी यादी हातात दिली आणि मी तीन मुलींच्या बापांना बोलावलं. त्यातला एक मला आजही दिसतो. टोपी काढून हातात धरलेली, मान खाली. "बाई म्हणताय तर तसं," एवढंच म्हणाला. मुलाला बाहेरून बसवलं तर तो क्लासला जातो, गॅरेजला जातो, गावात हिंडतो. मुलीला बाहेरून बसवलं की तिचं रोज घराबाहेर पडण्याचं कारणच संपतं. दप्तर खुंटीला लागतं आणि पाहुणे यायला लागतात. त्या मुलीचं तुळशीच्या लग्नानंतर, पहिल्याच मुहूर्ताला लग्न झालं. परीक्षेला ती बसलीच नाही. आमचा निकाल शंभर टक्के लागला, पेढे वाटले गेले, त्यातला एक मी खाल्ला.

वैशाखात पत्रक घेऊन माझ्या दारी आलेली ती हीच.

तिनं त्याचा उल्लेख केला नाही. मी केला, तेव्हा म्हणाली, "जाऊ द्या बाई, तुमचा एकटीचा काय दोष?" दोष माझा होता आणि तो मला मान्य आहे. माझ्यासारख्या शेकडो शिक्षकांचा आहे, आणि निकालाचा आकडा बघूनच शाळा निवडणाऱ्या पालकांचाही थोडा. कारण तो आकडा आम्ही त्यांच्यासाठीच राखतो.

कुणी म्हणेल, प्रत्येक शाळेनं सगळ्यांना घ्यायचं म्हटलं तर दर्जा कसा राहील? त्यावर मी जामखेडकडे बोट दाखवते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. गावोगावच्या आरोग्याचं काम त्यांनी गावांनीच पुढं केलेल्या बायकांवर सोपवलं. त्यात कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. त्यांना दर आठवड्याला बसवून शिकवलं: बाळंतपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं आणि जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. आमच्या तालुक्याचं जगात जे नाव आहे ते अशा बायकांनी केलेलं आहे, ज्यांना कुठल्याही चांगल्या शाळेनं 'संवादा'तच परत पाठवलं असतं. बाळंतिणीचे आणि बाळांचे जीव वाचवताना तिथं दर्जा कमी पडला नाही.

आम्ही दोघी मुलीला घेऊन शहरातली ती शाळा बघून आलो. अन्याय करायचा नाही म्हणून चांगलं ते आधी सांगते. पर्यवेक्षिका माझ्याशी बोलत होत्या तेवढ्यात माझी विद्यार्थिनी उठून मागच्या बाजूला गेली आणि परत येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "कडी हाय. पाणी बी हाय." मुलींची शाळा बघताना यापेक्षा महत्त्वाचं काय असतं? मैदानावर खो-खो चालला होता, मुली घसा फोडून ओरडत होत्या, घंटा मुलगीच वाजवत होती, प्रयोगशाळेची किल्ली मुलीच्याच हातात होती. हे मुलींच्या शाळेचं खरं धन आहे. तिथं कुठलंच काम 'मुलांचं' म्हणून बाजूला राहत नाही. माझ्या मिश्र शाळेत प्रयोग मुलगे करत आणि मुली वहीत आकृत्या काढत.

मग मी विचारलं, अभ्यासात मागे पडलेल्या मुलींसाठी काय करता? पर्यवेक्षिका हसून म्हणाल्या, "आमच्याकडे तशा मुली नसतातच." त्यांना ते कौतुकाचं वाटत होतं. पाचवीला घेतलेल्या किती मुली दहावीला इथूनच बसल्या, यावर मात्र अशी माहिती देत नाही म्हणाल्या.

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मुलगी मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. बीडच्या बाजूचा डोंगर दिसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "बाई, ही नववीत मागं पडली तर कोण धरून ठेवील तिला, तेवढंच बघायचं मला."

पुढच्या आठवड्यात आम्ही जवळच्याच एका साध्या कन्या शाळेत गेलो. पत्रक नाही, फोटो नाहीत, फळ्याच्या कडेला पोपडे आलेले. कार्यालयात लिपिक एकटेच होते. मी ओळख सांगायच्या आतच तिनं विचारलं, पाच वर्षांमागं पाचवीत किती मुली होत्या? लिपिकांनी जरा वेळ तिच्याकडे पाहिलं, मग उठून कपाटातलं रजिस्टर काढलं, फडक्यानं पुसलं आणि टेबलावर तिच्या बाजूला फिरवून ठेवलं. ती वाकली. नावांवरून बोट खाली नेत, ओठांतल्या ओठांत मोजत राहिली.

"त्रेचाळीस," ती म्हणाली. "आणि ह्यातल्या दहावीला किती बसल्या?"

लिपिकांनी दुसरं रजिस्टर काढलं.