नाद, नाव आणि नाममुद्रा : चित्रपटसंगीतातील व्हायोलिनच्या निमित्ताने

कलाकृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न आपल्या समीक्षेत आता बराच रुळला आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली लेखकाचा मृत्यू जाहीर केला आणि अर्थाची सूत्रे वाचकाच्या हाती दिली. या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. मरण्यापूर्वी लेखक जिवंत होता, पुस्तकावर त्याचे नाव होते आणि त्या नावाचा दबदबाही होता. ज्याला कर्ता म्हणून जन्मच मिळाला नाही, त्याच्याबाबत ही घोषणा काय सांगते? हिंदी चित्रपटसंगीतातील व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंदाचा संयोजक हे अशा कर्त्याचे ठळक उदाहरण होय. त्यांच्या निमित्ताने एक नैतिक प्रश्न येथे तपासावयाचा आहे : ऐकणारा वाजविणाऱ्याचे काही देणे लागतो काय?

प्रथम निर्मितीची रीत पाहू. १९५०च्या दशकात संगीतकार चाल बांधी आणि ती बहुधा हार्मोनियमवर ऐकवी. गाण्याच्या आरंभीची सुरावट, दोन कडव्यांमधील वाद्यांची जागा, गायकाच्या आवाजामागे पसरलेला व्हायोलिनांचा थर, यांची रचना पुष्कळदा संयोजक करी व पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून काढी. गायक आणि वादक यांचे ध्वनिमुद्रण एकत्र होई. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना ही स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्यामुळे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोमंतकीय वादकांची मोठी फळी उभी राहिली. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस हे त्यांतील काही संयोजक. गाणे घरोघर पोचले. ही नावे मात्र स्टुडिओबाहेर फारशी पोचली नाहीत.

ही अनामिकता या माध्यमाच्या स्वभावातच होती, असे म्हणता येत नाही. १९४९ साली ‘महल’मधील ‘आएगा आनेवाला’ या गाण्याची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून लता मंगेशकर यांचे नाव नव्हते. पडद्यावरील ‘कामिनी’ या पात्राचे होते. पुढे गायकाचे नाव छापणे रूढ झाले आणि पार्श्वगायनासाठी फिल्मफेअर पुरस्कार देण्यास १९५९ मध्ये प्रारंभ झाला. म्हणजे नाव कोणाचे द्यावयाचे, हे व्यवहार ठरवितो. तो बदलता येतो आणि बदललाही गेला. तो बदल गायकापर्यंत येऊन थांबला, एवढेच.

या पार्श्वभूमीवर १९५८ सालची एक मैफल विचारात घ्यावयास हवी. माजोर्डा येथे जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, संयोजक आणि शिक्षक होते. प्यारेलाल शर्मा आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे विद्यार्थी. त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात आपल्या रचना जाहीरपणे सादर केल्या. रागसंगीताला पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या स्वरसंवादात बसविण्याचा तो प्रयत्न होता. ‘सोनातिना इंडियाना’ आणि सारंग रागावरील कॉन्चेर्टो ही त्यांच्या रचनांची नावेच तो हेतू सांगतात. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात एकल गायक म्हणून सहभागी झाले. स्टुडिओत गायकाच्या आवाजासाठी वाद्यवृंद असे. येथे वाद्यवृंदाच्या रचनेत गायकाचा आवाज आला. उतरंड उलटली.

अशा मैफलीचे महत्त्व वसमतसारख्या गावातून अधिक स्पष्ट दिसते. आमच्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाचा अर्थच निराळा आहे. गणेशोत्सवात वा जत्रेत चित्रपटगीते सादर करणारा संच, तो ऑर्केस्ट्रा. पुढे गायक, मागे वादक. आणि सर्वोच्च दाद म्हणजे ‘अगदी रेकॉर्डसारखं!’ वाल्टर बेन्यामिन यांनी यांत्रिक पुनरुत्पादनाने मूळ कलाकृतीचे तेजोवलय ओसरते, असे १९३६ मध्ये म्हटले. चित्रपटगीताच्या बाबतीत क्रम उलट आहे. येथे तबकडी हेच मूळ, आणि जिवंत मैफल ही तिची नक्कल. समोर माणूस वाजवीत असूनही श्रोता त्याला तबकडीच्या मापाने मोजतो. केवळ उपस्थितीने कर्ता दिसू लागतो, हा समज म्हणूनच अपुरा आहे. १९५८च्या त्या मैफलीस अशी तबकडी मागे नव्हती. श्रोत्याला आठवणीशी पडताळून पाहता येईल असे काही नव्हते. समोरच्या हातांतून येणारेच ऐकावे लागत होते.

गोन्साल्विस १९६०च्या दशकात अमेरिकेला गेले, परतल्यावर गोव्यात प्रसिद्धीपासून दूर राहिले आणि २०१२ साली निवर्तले. मधल्या काळात, १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’ प्रदर्शित झाला आणि प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव त्यातील एका गाण्यात गुंफले. वसमतच्या पोरासोरांनाही ते नाव तोंडपाठ झाले. पण ते आठवताच डोळ्यांपुढे येतो तो अजस्र अंड्यातून बाहेर पडणारा, उंच टोपी घातलेला नायक. व्हायोलिन शिकविणारा गुरुजी येत नाही. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत, चिन्हक राहिला आणि निर्देश्य वस्तू गळून पडली. शिष्याची कृतज्ञता खरी होती, तरी तिची परिणती अशी झाली. पूर्वी त्यांचा नाद होता आणि नाव नव्हते. आता नाव सर्वत्र झाले आणि नाद कोणाला ठाऊक नव्हता. तेव्हा नुसत्या नामनिर्देशाने देणे फिटते, हेही मान्य करता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. अनामिकता ही आपल्या परंपरेत हानी मानलेली नाही. जात्यावरच्या ओव्यांना कर्त्रीचे नाव नसते. म्हणून काय त्या उण्या ठरतात? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, परंतु त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. ओवी गाणारी बाई आणि ती ऐकणारी बाई एकाच जात्याला बसलेल्या असतात. नाव नसले तरी हात ओळखीचा असतो आणि ओवीच्या विक्रीतून कोणी तिसरा श्रीमंत होत नाही. स्टुडिओतील अनामिकता श्रमविभागणीतून आलेली आहे. शिवाय परंपरेची दुसरी बाजूही पाहावयास हवी. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. जनाबाईंचे गंगाखेड शेजारच्या परभणीत. अहंकार विसर्जित करण्याचा उपदेश करणाऱ्या या संतांनी अभंगाच्या अखेरीस स्वतःची नाममुद्रा उमटविली. दळणकांडण करणाऱ्या जनीनेही ती सोडली नाही. नाममुद्रेत मालकीचा दावा नाही. हे मी म्हटले, याची जबाबदारी घेणे आहे. कर्तेपणाचा हा अर्थ बार्थ यांच्या टीकेच्या कक्षेत येत नाही, असे मला वाटते.

मराठीत याचे वेगळे उदाहरण प्रभाकर जोग यांचे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’त त्यांचे व्हायोलिन होते, ते स्वतः चित्रपटांचे संगीतकारही होते. पुढे ‘गाणारे व्हायोलिन’ या नावाने त्यांनी ओळखीची गीते शब्दांविना वाजविली आणि वादक म्हणूनच त्यांना स्वतंत्र ओळख मिळाली. मात्र ही मान्यता कोणत्या अटीवर मिळाली, तेही पाहावे. ऐकणारा मनातल्या मनात शब्द पुरवीत असतो. व्हायोलिन ‘गाते’ म्हणून ते आवडते. कीर्तन, अभंग आणि भावगीत यांवर पोसलेली आपली अभिरुची शब्दप्रधान आहे. वाद्याने गळ्याचे काम केले की ती त्याला जवळ करते. गोन्साल्विस यांच्या संगीताला अशा शब्दांचा आधार नव्हता, आणि त्याला फारसा श्रोतृवर्ग लाभला नाही, याचे एक कारण येथे असू शकेल.

सेंट झेवियर्सच्या चौकात बसलेल्या वादकांपैकी किती जणांची नावे आज सांगता येतील, असेही कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. रचनाकार पुढे आला, तरी मागच्या रांगा मागेच राहिल्या. प्रत्येक मैफल कोणाला तरी उजेडात आणते आणि कोणाला तरी सावलीत ठेवते. तेव्हा श्रोत्याचे देणे एका नावापाशी संपत नाही. ऐकताना लक्ष कोठे द्यावयाचे, हे आपण निवडत असतो. आणि निवड आहे तेथे नीतीचा प्रश्न आहेच. कडव्यांमधील सुरावट सुरू झाली की गप्पा मारावयाच्या आणि गायकाचा आवाज आला की गप्प बसावयाचे, ही सवय निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात तिने उतरंड पक्की होते.

औंढा नागनाथाची आख्यायिका आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवांना देवळामागे जाण्यास सांगितले गेले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. कथेत एक तपशील सहसा निसटतो. नामदेवांनी जागा बदलून मागितली नाही, स्वतःचे नावही पुढे केले नाही. ते मागच्या बाजूला गात राहिले. वळण्याचे काम देवळाला करावे लागले. चित्रपटसंगीताच्या श्रोत्याला त्यासाठी चमत्काराची आवश्यकता नाही. गायकाचा आवाज थांबल्यावर जे वाजत राहते, त्याकडे कान वळविणे त्याला शक्य आहे.