मासिकाशिवाय आलेले खेळ

‘डेंजरस डेव्ह’ हा खेळ एका लेखाची जोड म्हणून जन्माला आला. १९८८ साली जॉन रोमेरोने अ‍ॅपल टू संगणकावरच्या ‘ग्राबेसिक’ या बेसिक भाषेच्या पुरवणीबद्दल लेख लिहिला आणि त्यात सांगितलेलं प्रत्यक्ष दाखवायला हा छोटा खेळ रचला. लेख ‘अपटाइम’ नावाच्या मासिकासाठी होता, आणि ते मासिक कागदाऐवजी फ्लॉपीवर निघायचं. १९९० मध्ये खेळाची डॉस आवृत्ती आली. तीच पुढे आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोचली. लाल टोपीचा डेव्ह, काळा पडदा, आणि चषक उचलल्याशिवाय न उघडणारं दार.

आपल्यापर्यंत खेळ आला, लेख मात्र आला नाही. त्या काळातल्या जवळजवळ सगळ्याच खेळांची हीच गत झाली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त पहिली पातळी संपली की बाटल्यांची एक खोली लागते आणि प्रत्येक बाटलीवर एक अक्षर असतं. सोबतच्या पुस्तिकेतलं अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द बघायचा आणि त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्यायची. नकलेला आळा घालण्याची ती युक्ती होती. आमच्या फ्लॉपीबरोबर पुस्तिका कुठून येणार? ती खोली आम्हाला राजवाड्यातलंच एखादं गूढ वाटायची. वळण्याआधी राजपुत्राचे पाय किती घसरतात हे आम्हाला तोंडपाठ होतं. हा खेळ रचणाऱ्या जॉर्डन मेकनरने सख्ख्या भावाला धावायला लावून, व्हिडिओवर टिपून ती चाल उतरवली, हे मात्र फार नंतर वाचलं.

दुबईत मुहैस्नाह ४ मधल्या घरी रात्रीची जेवणं आटोपली की मी इंटरनेट अर्काइव्हवर ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’चे जुने अंक वाचतो. १९८१ साली हे मासिक अमेरिकेत सुरू झालं. सुरुवातीच्या अंकांत युद्धाच्या डावपेचांवर लांबलचक लेख आहेत. पडद्याची छायाचित्रं मोजकीच, म्हणून लेखक शब्दांनी नकाशा उभा करतो, कुठे सैन्य अडकतं, कुठला नियम खटकतो ते सांगतो. जाहिरातीत अंगावर येणारा रंगीत ड्रॅगन असे आणि पडद्यावर चार ठिपके. मधली दरी वाचकाने भरून काढायची. ते भरून काढणं हाही खेळण्याचाच भाग होता, आणि तो फक्त या पानांत शिल्लक आहे.

आखातातल्या मुलांचा अनुभव आणखी वेगळा. मोहम्मद अल-शारेख यांच्या कुवेतमधल्या ‘अल-आलमिया’ कंपनीने ‘सख्र’ नावाने अरबी बोलणारा एमएसएक्स संगणक घरोघरी नेला. त्याच शारेखांनी पुढे अरबी साहित्यिक आणि सांस्कृतिक मासिकांचा मोठा डिजिटल संग्रह उभारला. ज्याने यंत्र आणलं त्यानेच कागदही जपला, याचं मला फार मोल वाटतं.

२०२३ साली व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या पाहणीत दिसलं की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेले ८७ टक्के खेळ तेव्हा बाजारात विकतही मिळत नव्हते. इंटरनेट अर्काइव्हवर डॉसचे हजारो खेळ ब्राउझरमध्ये चालतात, मग काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. पण ब्राउझरमध्ये डेव्ह उडी मारतो तेव्हा तो एकटाच असतो. एक कीबोर्ड, दोन मुलं, एकाकडे बाण आणि दुसऱ्याकडे उडी, मागे रांगेत उभे असलेल्यांचा आरडाओरडा, वहीच्या शेवटच्या पानावर ‘प्रिन्स मेगाहिट’ हा खेळात चलाखी करण्याचा मंत्र, आणि सरांची पावलं ऐकू आली की पटकन उघडलेलं वर्डस्टार: हे कुठल्याच अंकात छापलेलं नाही. अमेरिकी मासिकांना आमची गंधवार्ता नव्हती, आणि आपल्या नियतकालिकांना हा विषय लिहिण्याजोगा वाटला नाही. दुसऱ्या गोष्टीचं मला अधिक वाईट वाटतं.

आजही तेच चाललंय. मुहैस्नाह २ ला सगळे सोनापूर म्हणतात. तिथल्या कामगार वस्तीत सुटीच्या संध्याकाळी ‘लुडो किंग’ रंगतो. हा खेळ आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ साली आणला. इथे खाटेवर बसलेला माणूस फासा टाकतो आणि त्याच डावात गावाकडची बायको-मुलंही असतात. त्या डावात काय बोललं जातं, कोण कुणाची सोंगटी मुद्दाम मारत नाही, हे कुणीतरी लिहायला हवं. ओळखीच्या मराठी मंडळींकडून मी निदान जुन्या आठवणी लिहून घ्यायला लागलो आहे: फ्लॉपी कुणी आणली, नक्कल कुणी करून दिली, कुठल्या पातळीवर अडकलात, आणि शेवट कधी पाहिलात का.