भाकड

जगात टाकाऊ असं काही नसतं, असं म्हणणारी माणसं दोन प्रकारची. एक, ज्यांच्या घराला माळा आहे. दोन, ज्यांनी भाकड गाय कधी सांभाळलेली नाही. आमच्या पाचोऱ्याच्या घरात माळाही आहे आणि भाकड गायही. त्यामुळे हा प्रश्न आम्हां उभयतांत रोज संध्याकाळी, धारा काढून झाल्या की, चर्चेला येतो.

खातेवाटप असं : ढोरं माझ्याकडे, गोधड्या सौ.कडे. माझ्या खात्यात दोन म्हशी, तीन गाई आणि एक सालदार. पहाटे शेण, मग धारा, मग डेअरीतलं फॅट आणि शेवटी सरकीच्या ढेपेचा भाव. तो ऐकल्यावर चहा गोड लागत नाही. सौ.चं खातं शांत. जुनं लुगडं पसरायचं, त्यावर विरलेल्या धोतरांचे थर द्यायचे, आणि कडेकडेनं आत धावदोरा घालत यायचं. बंगालात अशाच प्रकाराला कांथा म्हणतात, कर्नाटकातले सिद्दी लोक कवंदी म्हणतात. नाव काहीही असो, कच्चा माल घरातलाच.

आमची चंद्री आटली, आणि तीनदा भरवूनही गाभण राहिली नाही. मी हिशेब मांडला.

सौ. म्हणाली, "माझ्याकडे विरलेल्या लुगड्याला जागा असते. तुमच्याकडे विरलेल्या गाईला का नाही?"

"लुगडं कडबा खात नाही," मी म्हणालो. मुद्दा बिनतोड होता, असं माझं आजही मत आहे.

1976 च्या कायद्यानं गाय कापायला बंदी केली. 2015 मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. काय करायचं नाही ते कायद्यानं सांगितलं, कडबा कोणी घालायचा ते सांगितलं नाही. मग पुण्य गावाचं आणि गाय रस्त्यावर! 2024 मध्ये सरकारनं गोशाळांना देशी गाईमागे रोज 50 रुपये ठरवले खरे. पण आमचा आपला साधा गोठा, आणि चंद्री पडली अर्धी जर्सी.

मी जरा नमतं घेतलं. "असू दे. शेण तर देतेच. गोबरगॅसला उपयोग."

"म्हणजे उपयोग आहे म्हणून ठेवायची?" सौ.नं सुई थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. मला शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आहेत. मी तो मुद्दा लगेच सोडला.

पण मास्तर तो मास्तरच. मी माझा टेरिकॉटचा शर्ट पुढे केला. "याला का नाही गोधडीत घेत?"

"सुई सरकते, ऊबही नाही. तो वासराच्या अंगावर घातलाय थंडीत, पाहिला नाहीत?" म्हणजे तिच्याकडेही सगळ्यांना एकच जागा नाही, पण जागा शोधण्याचं काम ती स्वतः करते, कपड्यावर सोडत नाही. भाकड ठरवणं सोपं असतं, कारण तिथं शोधणं संपतं.

राहिला कडबा. त्यावर माझ्या मते नीतिशास्त्रातलं सर्वांत अवघड वाक्य सौ.नं दोरा दातानं तोडता तोडता उच्चारलं : "पुण्याच्या बाईंनी दोन गोधड्या सांगितल्यात. ते पैसे चंद्रीचे."

दया दाखवणारे मी पुष्कळ पाहिलेत. दयेचं बिल आपल्या नावावर फाडणारं माणूस घरातच निघालं. एक बारीकशी शंका तेवढी उरते. तिसऱ्या गोधडीचे पैसे कोणाच्या नावावर आहेत, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.