कुंपणातला पाहुणा

कोजागरी झाली की घरोघरी दिवाळीच्या सफाईचे वेध लागतात. नेमक्या त्याच दिवसांत सोसायटीच्या मेंदीच्या कुंपणातून ‘चक्... चक्’ असा आवाज यायला लागतो, दोन गोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा. बहुतेकांना तो खारीचा वाटतो. असतो मात्र वटवट्याचा. पुस्तकातलं पूर्ण नाव, ब्लाइथचा बोरू वटवट्या.

दिसायला म्हणाल तर अगदीच साधा. मातकट पाठ, मळकट पांढरं पोट, चोचीपासून डोळ्यापर्यंत एक फिकट रेघ. वजन दहा-बारा ग्रॅम. एवढासा जीव रशिया-कझाकस्तानकडून रात्री-रात्री उडत येतो आणि आपल्या पार्किंगशेजारच्या झुडपात थेट एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतो. फांदीफांदीने सरकत पानांची खालची बाजू तपासतो, एखादा कोळी टिपतो, क्षणभर उघड्यावर येतो की पुन्हा आत. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत पसार. करडा धोबी त्या मानाने दिलदार. गणपतीच्या सुमारास येतो, नाल्याकाठी, गच्चीवरच्या साचलेल्या पाण्यापाशी पिवळं पोट मिरवत, शेपटी वरखाली करत खुशाल हिंडतो.

5 ते 12 नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात पक्षी बघायला गाड्या भिगवणच्या रस्त्याला लागतात. जरूर जावं. पण निघण्याआधी पाच मिनिटं आपल्याच कुंपणापाशी उभं राहिलं तर पेट्रोल न जाळता परदेशी पाहुणा भेटतो, हे सांगितलं तर लोक हसतात.

खरी पंचाईत सफाईची आहे. ऐन पाहुणे यायच्या वेळी कुंपण खरडून कापायचं, पाचोळा गोळा करून पेटवायचा, वर औषध फवारायचं. हिरवळ झकास दिसते; वटवट्याला मात्र तिथे खायला काही उरत नाही. गेल्या वर्षी माळीकाकांना पाण्याच्या टाकीमागचा कोपरा तेवढा सोडायला सांगितला, तर सभेत लगेच, “साप येतील!” साप काही आला नाही. थिरथिरा आला. टाकीच्या कठड्यावर शेपूट थरथरवत रोज सकाळी हजर.

यंदा छाटणी पुढे ढकलायची का, हा विषय येत्या रविवारच्या सभेपुढे आहे. दोन मतं नक्की आहेत, माझं आणि माळीकाकांचं. पण त्यांना मतदानाचा हक्क नाही.