आवाज कुणाचा?

मैदानाच्या कडेला एक माणूस उभा होता. खेळाडू नव्हे, पंच नव्हे, प्रशिक्षकही नव्हे. डोक्यावर लाल टोपी, कानाला हेडफोन. मधूनमधून तो चार पावलं आत यायचा आणि नुसता उभा राहायचा. तो उभा राहिला की सगळं थांबायचं. बावीस दांडगे गडी कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे बघत बसायचे, पंच आपापसात गप्पा मारायचे, बँड वेळ भरून काढायला काहीतरी वाजवायचा. दोन-तीन मिनिटांनी टोपीवाला मागे सरकला की खेळ पुन्हा सुरू. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी भाचीला विचारलं, "हा कोण गं?"

"तो टीव्हीचा माणूस, मामा. तिकडे जाहिराती चालू आहेत."

ही गोष्ट अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका विद्यापीठातली, २०१८ च्या ऑक्टोबरमधली. भाची तिथे एमएस करत होती. मी गेलो तेव्हा तिनं शनिवारच्या कॉलेज फुटबॉलची दोन तिकिटं काढून ठेवली होती. त्यांचं फुटबॉल म्हणजे हातात अंडाकृती चेंडू घेऊन पळायचं, हे गृहीत धरा. हे एकदा पाहायलाच हवं, असं तिचं म्हणणं. स्वतः मात्र ती दोन वर्षांत दुसऱ्यांदाच जात होती.

कॉलेजचा सामना आणि प्रेक्षक हे समीकरण आपल्याला पटकन कळत नाही. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला संघातल्या पोरांचे मित्र आणि चहावाला एवढीच गर्दी असते. कॉलेजच्या नावाने पोरं घसा कोरडा करतात ती पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला. भरत नाट्य मंदिरात एकांकिकेचा पडदा उघडायच्या आधी बाल्कनीतून "अरे आव्वाज कुणाचा" उठतो आणि खालून कॉलेजचं नाव गर्जत वर जातं. तिथे बसलेला प्रत्येक जण आपण नाटकातच आहोत अशा थाटात असतो. हा आवाज एक लाख माणसांचा करा, वर्षातले सहा-सात शनिवार त्याला द्या, आणि कॉलेज सोडून चाळीस वर्षं झालेल्या आजोबांनाही त्याच रंगाचा स्वेटर घालून बाकावर बसवा. मग अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा अंदाज येईल. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे आणि ते ज्या ॲन आर्बर गावात आहे त्याची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. १९७५ च्या नोव्हेंबरपासून तिथल्या सामन्यांना लाखाच्या खाली गर्दी नाही. फक्त महामारीचं २०२० साल सोडायचं.

सुरुवात मात्र साधी होती. १८६९ च्या ६ नोव्हेंबरला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला सामना झाला, तेव्हा बघायला सुमारे शंभर माणसं होती. पुढे हार्वर्डने १९०३ मध्ये काँक्रीटचं स्टेडियम उभारलं आणि येलने १९१४ मध्ये जमीन खणून, निघालेली माती कडेला चढवून प्रचंड वाडगाच तयार केला. जवळपास त्याच सुमारास, १९१२ मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांचं कुस्तीचं खासबाग मैदान पुरं झालं होतं. तेही तसंच खोलगट, मधला आखाडा कुठूनही दिसावा असं. दोन्ही ठिकाणी बांधणाऱ्यांना एकच गोष्ट उमजली होती. बघणाऱ्या माणसाला खेळाबरोबर समोरची माणसंही दिसली पाहिजेत. हलगी कडाडली, एखाद्याने डाव टाकला आणि पलीकडची हजार डोकी एकदम उठली, की ते उठणं बघायलाही आपण गेलेलो असतो.

आता हे वाडगे रिकामे होताहेत, अशी ओरड तिकडे गेली पंधराएक वर्षं चालू आहे. वरच्या श्रेणीतल्या संघांच्या सामन्यांना होणारी सरासरी गर्दी २००८ नंतर उतरत गेली. २०१७ मधली घट चौतीस वर्षांतली सर्वांत मोठी होती, आणि २०१८ ला सरासरी ४२ हजारांच्या खाली, १९९६ नंतरच्या नीचांकावर आली. महामारीनंतर थोडी भर पडली आहे, हेही सांगायला हवं. पण हे आकडे मुळात जाहीर केलेले आकडे. २०१८ मध्येच 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने विद्यापीठांकडून फाटकावर प्रत्यक्ष स्कॅन झालेल्या तिकिटांची संख्या मागवली. जाहीर गर्दीच्या सरासरी ७१ टक्केच माणसं आत आलेली निघाली. उरलेली तिकिटं विकली गेली होती, वाटली गेली होती, माणूस मात्र आला नव्हता. नाट्यगृहाबाहेर 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड आणि आत तिसऱ्या रांगेपासून मोकळ्या खुर्च्या, हा प्रकार आपल्या निर्मात्यांनाही नवा नाही. नेब्रास्का विद्यापीठात १९६२ पासून प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं खपली आहेत. हा विक्रम मोडू नये म्हणून २०२१ मध्ये देणगीदारांनी उरलेली तिकिटं घेऊन गरजू घरांतल्या मुलांना दिली. मुलांचं भलं झालं, उत्तमच. पण विक्रम नेमका कशाचा राहिला, हा प्रश्न उरतोच.

कारण विचारलं की सगळे मोबाईलकडे बोट दाखवतात. हल्लीच्या पोरांना दहा मिनिटं एका जागी बसवत नाही वगैरे. मला हे आळशी उत्तर वाटतं. आमच्या पुढच्या रांगेतली पोरं मोबाईल बघत होती, खरंय. पण बघत होती म्हणजे नेटवर्क मिळतं का ते बघत होती. हजारो फोन एकाच वाडग्यात, कुणाचाच मेसेज जात नव्हता. शिवाय त्यांना दुसरं काय करायला ठेवलं होतं? घड्याळात साठ मिनिटांचा खेळ, आणि आम्ही आत होतो साडेतीन तास. मधला बराचसा वेळ लाल टोपीवाल्याचा.

टीव्हीची ही भीती जुनी आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए हिनं ठरवलं होतं की टीव्हीवर मोजकेच सामने दाखवायचे, नाहीतर लोक घरी बसतील. तीसेक वर्षं हा बांध टिकला. मग ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी दावा लावला, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी ही मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः तरुणपणी गाजलेले फुटबॉलपटू. हा निव्वळ बाजार नाही, शिक्षणसंस्थेचा खेळ आहे, असा त्यांचा एकूण रोख. गंमत म्हणजे निकालानंतर स्टेडियमं ओस पडली नाहीत. उलट नव्वदच्या दशकात आणि पुढेही ती वाढत गेली, वर मजले चढले, काचेच्या खोल्या आल्या. टीव्हीवर पाहिलेलं प्रत्यक्ष पाहावं, ही ओढ टीव्हीनंच लावली.

तेव्हा टीव्हीनं माणसं पळवली असं सरसकट म्हणता येत नाही. त्यानं घड्याळ नेलं. सामना दुपारी बाराला की रात्री आठला, हे चॅनेल ठरवतं, आणि अनेकदा बारा दिवस, कधी तर सहाच दिवस आधी कळवतं. दोनशे मैलांवरून येणारं कुटुंब हॉटेल कधी आणि कुठल्या रात्रीसाठी घेणार? मग टीव्हीनं नकाशाही बदलला. २०२४ पासून लॉस एंजेलिसची दोन मोठी विद्यापीठं मध्य-पश्चिमेच्या 'बिग टेन' गटात खेळतात, आणि प्रशांत महासागराकडची स्टॅनफर्ड आणि बर्कली चक्क 'अटलांटिक कोस्ट' गटात. आपल्या भाषेत, रत्नागिरीचा संघ विदर्भ विभागात. गाडी काढून शेजारच्या गावच्या वैऱ्याचं नाक कापायला जाण्यातली मजा प्रक्षेपणाच्या करारात कुठे लिहिणार? ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची शतकभराची खुन्नस २०२३ च्या सामन्यानंतर अशीच थांबली.

पैशाची दुसरीही बाजू आहे. चांगल्या जागेचं तिकीट विकत घेण्याचा नुसता हक्क मिळावा म्हणून आधी विद्यापीठाला देणगी द्यावी लागते. त्या देणगीच्या ऐंशी टक्के रकमेवर करसवलत मिळायची, ती २०१७ च्या कर कायद्यानं काढून टाकली. मग पोटच्या पोरासारखा संघ जपणाऱ्या माणसानंही कॅल्क्युलेटर काढला. आता तर खेळाडूंनाही पैसे मिळू लागले आहेत. २०२१ पासून स्वतःचं नाव जाहिरातींना वापरू देऊन, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर थेट विद्यापीठांकडून. जुने चाहते यावर नाक मुरडतात. मला ते पटत नाही. अंग मोडून घेणाऱ्या पोरांना हौशी म्हणायचं आणि प्रशिक्षकाला कोट्यवधी द्यायचे, हा ढोंगीपणा कधीतरी संपायलाच हवा होता. पण त्यामुळे एक चित्र लख्ख झालं. चॅनेल कमावतं, विद्यापीठ कमावतं, प्रशिक्षक कमावतो, खेळाडू कमावतो. चित्रीकरणाला मागे गर्दी म्हणून बसणारा तेवढा स्वतःच्या खिशातून भरतो. आपल्या सिनेमावाल्यांकडे गर्दीतल्या माणसाला निदान दिवसाची रोजी आणि जेवणाचं पाकीट तरी देतात.

जेवणावरून आठवलं. फाटकावर आमची पारदर्शक पिशवी उघडून बघितली आणि भाचीने सकाळी उठून केलेले मेथीचे पराठे डब्यासकट बाहेरच्या पिंपात टाकायला लावले. बाहेरचं खाणं चालत नाही. आत पाण्याची बाटली पाच डॉलरला. तिथून पुढे मी, खरं सांगतो, पाहुणा राहिलो नाही, गिऱ्हाईक झालो. घरच्या कार्यात आपण उठायची वेळ बघत नाही, पंगती उठवतो, भांडी मोजतो, मग निघतो. हॉटेलात मात्र बिल दिलं की निघालो. तिसरा क्वार्टर संपता संपता यजमान संघ चार टचडाऊनांनी पुढे होता आणि समोरचा विद्यार्थ्यांचा भाग वरून विरळ होत होत पार कठड्यापर्यंत मोकळा झाला. भाची म्हणाली, "निकाल लागलाय, मामा. आणि सोमवारी माझी असाइनमेंट आहे." हिशेब बरोबर होता. बेहिशेबी बसावं असं तिला कुणी वागवलंच नव्हतं.

अलाबामा विद्यापीठाचे तेव्हाचे विख्यात प्रशिक्षक निक सेबन त्याच वर्षी, २०१८ मध्ये, विद्यार्थी सामना सोडून जातात म्हणून जाहीरपणे चिडले होते. २०१९ मध्ये त्या विद्यापीठानं उपाय काढला. फोनमध्ये ॲप टाका, ते तुम्ही स्टेडियममध्ये आहात का ते बघेल. आलात तर १०० गुण, चौथ्या क्वार्टरपर्यंत थांबलात तर आणखी २५०, आणि गुण जास्त त्याला मोठ्या सामन्यांच्या तिकिटात अग्रक्रम. म्हणजे ज्या मोबाईलला दोष द्यायचा, त्यालाच हजेरीपट दिला. कॉलेजच्या वर्गात प्रॉक्सी लावणारी जमात जगात सगळीकडे असते. एका पोराच्या खिशात मित्रांचे पाच फोन बसलेले मला लगेच दिसले.

आणि तरीही माणसं येतात, हेच तर कोडं. ३० ऑगस्ट २०२३. नेब्रास्कातलं तेच फुटबॉलचं स्टेडियम. मध्यभागी जाळं बांधून मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना ठेवला, आणि ९२,००३ माणसं आली. राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, आणि वार बुधवार. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आयोवात केटलिन क्लार्क या गाजलेल्या खेळाडूच्या संघाचा बास्केटबॉलचा सराव सामना उघड्या फुटबॉल मैदानावर झाला, त्याला ५५,६४६. यांच्याकडे मोबाईल नव्हते का? घरी टीव्ही नव्हता? मला वाटतं, त्या दिवशी प्रत्येकाला ठाऊक होतं की आपण गेलो नाही तर ही गोष्ट घडणारच नाही. तो आकडा हाच कार्यक्रम होता, आणि त्यातल्या शेवटच्या तिनातला एक आपण होतो. फुटबॉलच्या शनिवारी नेमकं उलट. आपण गेलो काय, न गेलो काय, लाल टोपीवाला ठरल्या वेळी आत येणारच.

एक माणूस शेवटपर्यंत बसला होता, माझ्या डावीकडे. सत्तरीपुढचा, गुडघ्यावर घोंगडी. याच विद्यापीठात शिकलेला. पहिल्या क्वार्टरमध्ये विद्यार्थी ॲल्युमिनियमच्या बाकांवर पाय आपटत होते तेव्हा त्याने मला बाकाला हात लावून बघायला सांगितलं. लावला. मैदानाच्या पलीकडचा तो थरकाप बाकातून खरंच तळव्यापर्यंत येत होता. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने पुन्हा सांगितलं नाही. बँड वाजत होता, फलकावर त्या दिवशीची गर्दी झळकली, आकडा भलामोठा होता, आणि आमच्या रांगेतले आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो.

रात्री घरी भाचीनं सामन्याचं पुनःप्रक्षेपण लावलं, आपण दिसतो का बघू म्हणून. पडद्यावर स्टेडियम गच्च भरलेलं. कॅमेरा खालच्या रांगांवरून फिरत होता, रंगवलेले चेहरे, वर केलेल्या मुठी. "आता आपली बाजू," ती म्हणाली आणि पुढे सरकून बसली. कॅमेरा कोपऱ्याशी आला, वळू लागला, घोंगडीचं टोक दिसल्यासारखं वाटलं, आणि जाहिरात लागली.