चार हातांवरची नजर

पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एकाच जागी राहावे, या बौद्ध संघातील वर्षावासाच्या नियमामागचे जे कारण विनयपिटकात, म्हणजे संघाच्या आचारनियमांच्या ग्रंथात, नोंदलेले आहे, त्यात भिक्षूंच्या सोयीचा विचार नाही. पावसात हिंडणारे भिक्षू कोवळे गवत तुडवतात आणि त्यांच्या पायांखाली असंख्य लहान जीव मरतात, अशी लोकांची तक्रार बुद्धाच्या कानी गेली आणि तिची दखल घेऊन हा नियम घालून देण्यात आला. सह्याद्रीला ही कथा परकी नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत, पावसाच्या दिवसांत भिक्षूंना निवारा देणारे विहार त्यांत आहेत, आणि मानमोडीच्या डोंगरावरील लेण्यांच्या एका गटाला तर भीमाशंकराचेच नाव आहे. ज्या भीमाशंकराच्या अरण्यावरून हे नाव ओळखीचे वाटते, तिथे आज पावसाळा हाच भटकंतीचा ऐन हंगाम असतो. धबधबे, धुके आणि ओला हिरवा रंग यांच्या ओढीने माणसे नेमक्या त्याच महिन्यांत डोंगर चढतात, ज्या महिन्यांत जमीन सर्वांत मऊ आणि जिवांनी सर्वांत गजबजलेली असते.

कोकणातून भीमाशंकरला चढणाऱ्या वाटांपैकी दोन वाटा कर्जत तालुक्यातील खांडस गावातून निघतात. शिडीघाटाची वाट उभ्या कड्याला भिडते आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्यांच्या आधाराने वर जाते, तर गणेशघाटाची वाट लांबची पण सौम्य असून वळणे घेत चढते. ही वळणे केवळ दमलेल्या पायांच्या सोयीसाठी नसतात. नागमोडी वाटेवर उतार विभागला जातो, त्यामुळे पाण्याला सरळ धावण्याची संधी मिळत नाही आणि माती जागेवर टिकते. दोन वळणांच्या मधून कुणी सरळ खाली उतरला, की त्याच्या मागून येणाऱ्यांना ती खूण पुरेशी होते. झुडुपे मोडतात, मुळे उघडी पडतात, आणि पुढच्या मुसळधार पावसात त्या आडवाटेची घळ होते. सपाटीवरची हानी यापेक्षा संथ असते. ओल्या मातीवर सतत पावले पडली की तिच्यातील पोकळ्या दाबल्या जातात, पाणी मुरेनासे होते आणि वाटेवर चिखल साचतो; तो चुकवण्यासाठी प्रत्येक जण थोडा कडेने चालतो आणि दोन हातांची वाट दहा हातांची होते. यात दुष्ट हेतू कुणाचाच नसतो, आणि नीतिविचाराला खरी अडचण इथेच येते, कारण प्रत्येक पावलाचा दोष इतका लहान असतो की तो कुणालाही आपला वाटत नाही.

जैन आचारशास्त्राने हा लहान दोष लहान मानला नाही. साधूंनी पाळायच्या पाच समितींपैकी, म्हणजे सावधपणे वागण्याच्या पाच रीतींपैकी, पहिली ईर्यासमिती ही चालण्याविषयीची आहे: सुमारे चार हात पुढच्या जमिनीवर नजर ठेवून, जीव वाचवत पाऊल टाकावे. गृहस्थाकडून साधूच्या कठोरतेची अपेक्षा करणे योग्य नव्हे, आणि डोंगराकडे फिरकूच नये असा निष्कर्ष काढणे तर त्याहून चुकीचे ठरेल, कारण पायी न पाहिलेल्या अरण्याविषयी आस्था टिकणे कठीण असते. मात्र मळलेल्या वाटेवरच, चिखलातूनही, चालत राहणे एवढी ईर्यासमिती कुणालाही साधण्यासारखी आहे. चिखलाने बूट भरतात, पण कडेचे गवत वाचते.

अरुंद वाटेचे मोल मान वर केल्यावर अधिक कळते. १९८५ साली घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य ज्याच्यासाठी ओळखले जाते, तो शेकरू, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली मोठी खार, जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याचे खाणे, घरटे आणि येणे-जाणे सारे झाडांच्या माथ्यांवरून चालते, आणि त्यासाठी एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाला जवळ असावी लागते. पाऊलवाटेवर दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींना भेटलेल्या राहतात, म्हणून खालून माणूस आणि वरून शेकरू असे दोघेही आपापल्या वाटेने जाऊ शकतात. रुंद रस्त्यावर ही भेट तुटते.

या वाटा भटकंतीसाठी निर्माण झालेल्या नाहीत, याचे स्मरणही ठेवले पाहिजे. डोंगरमाथ्यावरच्या गावांतील महादेव कोळी समाजाची माणसे बाजाराला, सोयरिकीला, गुरांमागे आणि हिरड्याच्या झाडांकडे जाता-येता ज्या वाटांनी चालत आली, त्याच आज पाहुण्यांच्या पायांखाली आहेत. कोवळेपणीच तोडून वाळवलेला बाळहिरडा हे त्या घरांचे रोख उत्पन्न आहे, त्यामुळे वाट वाहून गेली तर पाहुण्याचा एक रविवार जातो, पण गावकऱ्याचा हंगाम अडतो. आहुपे परिसरात आणि इतरत्र देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांविषयी वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात अभ्यासपूर्वक लिहिले. देवराईतली पडलेली काटकीही सरपणासाठी उचलू नये, असा दंडक अनेक ठिकाणी पाळला जात असे. चूल रोज पेटवावी लागणाऱ्या माणसाने वाळकी काटकी जागेवर सोडणे, हा संयम सहज म्हणून मोजता येणार नाही.

त्या न उचललेल्या लाकडाचे पुढे काय होते, हे भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री दिसते. कुजणाऱ्या फांद्यांवर वाढणारी एक प्रकारची बुरशी आपल्या पेशींतील रासायनिक क्रियेमुळे मंद हिरवट प्रकाश देते आणि ओल पुरेशी असली तर जमिनीवरची काटकी न् काटकी उजळलेली दिसते. हा प्रकाश इतका क्षीण असतो की विजेरी पेटवताच नाहीसा होतो, आणि विझवल्यावरही डोळे अंधाराला सरावेपर्यंत बराच वेळ एका जागी, पाऊल न हलवता, उभे राहावे लागते.