खुर्ची कुणाची?

आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर. ऑफिसात खुर्ची, मॉनिटर, वीज सगळं कंपनीचं. घरी मात्र लॅपटॉप तेवढा कंपनीचा. टेबल, वायफाय, इन्व्हर्टर आणि दुखणारी पाठ आपली. हे न्याय्य आहे का?

‘घरून काम ही सवलत आहे, मग खर्च तुमचा,’ असं म्हटलं जातं. पण कमी टेबलांत भागलं की कंपनीचंही भाडं वाचतं. तो खर्च नाहीसा होत नाही, आपल्या घरी राहायला येतो.

प्रश्न आयटीइतका नवा नाही. सोलापुरात बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळतात. पानं, तंबाखू कारखान्याची. जागा, उजेड त्यांचा. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने त्यांनाही कामगार मानलं. म्हणजे काम कुठे होतं यापेक्षा कुणासाठी होतं, हे महत्त्वाचं. तसं असेल तर साधन ही मेहेरबानी नव्हे, देणं आहे.

मग सगळ्यांना सारखे पैसे द्यावेत? २०२० मध्ये गूगलने घरच्या साहित्यासाठी १,००० डॉलरचा भत्ता जाहीर केला. स्वतंत्र खोली असलेल्याला अशा पैशातून खुर्ची मिळते. वन आरकेत चौघांसोबत राहणाऱ्याकडे ती ठेवायलाच जागा नसते. त्याला ऑफिसात रोज हक्काचं टेबल हवं असतं. न्याय वस्तू सारखी देण्यात नाही, काम सारखं जमेल असं बघण्यात आहे.

आणि खुर्ची कंपनीची झाली, म्हणून तिच्यावर बसणाऱ्याची रात्र कंपनीची होत नाही.